खापरपणजोबांचं पदक

लोरेना आजीच्या दरीत पाहुण्याला पाणी देण्याआधी कूळ विचारतात. आई कुणाची, बाप कुणाचा, हे ऐकल्याशिवाय तिथला नवाहो, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, माणूस कुणाला आपलं म्हणत नाही, आणि आजी तर दारातून आतही घेत नाही.

त्या दिवशी तिची लेक डेल्फिन दरी बघायला आलेल्या टेक्सासच्या एका बाईला जीपमधून घेऊन आली. बाई दरीचे लाल कातळकडे बघून बघून स्वतःही उन्हाने लाल झाली होती आणि कधी एकदा सावलीत टेकते असं तिला झालं होतं.

"टेकशील गं," आजी दारातच उभी राहून म्हणाली, "आधी सांग, कुणाची तू?"

बाईला ही रीत भलतीच आवडली. टोपी काढून ती ऐटीत म्हणाली, "आजी, मी काही परकी नाही हं! माझे खापरपणजोबा फौजेबरोबर याच दरीत आले होते. तुमच्या लोकांना उपाशी ठेवून हुसकायचं, म्हणून इथली पीचची झाडं तोडायचं काम त्यांच्याकडे होतं. एकही झाड शिल्लक ठेवलं नाही, म्हणून सरकारने पदक दिलं त्यांना. दिवाणखान्यात लावलंय आम्ही!"

डेल्फिनने कपाळाला हात लावला. आजी मात्र घरामागे गेली, आणि आपल्या खापरपणजीने फौज येण्याआधी लावलेल्या वाकड्या झाडाचे पिकलेले पीच ओच्यात भरून घेऊन आली. बाईच्या ओंजळीत ते ओतत म्हणाली,

 

"खा, पोटभर खा. आणि घरी गेलीस की ते पदक तेवढं सरकारला परत करून टाक."