काळ्या कापडाखाली

भर दुपारी इंदुमतीने काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि खड्ड्यातून वाळूने भरलेली नळी अलगद ओढून काढली. गाडला जाण्याआधी वाळूचा कण शेवटचं जे पाहतो, ते तो धरून ठेवतो. पुन्हा ऊन लागलं की जुनं चित्र पुसतं आणि नवं उमटतं. म्हणून खणायचं ते कापडाखालीच.

तिचा नवरा श्रीरंग हा नियम हटकून मोडायचा. "अगं, शहर डोळ्यांनी बघू दे की!" म्हणायचा. बारा वर्षांपूर्वी तो याच वाळवंटात हरवलेलं शहर शोधायला एकटाच गेला, तो परतला नाही. असं शहर नव्हतंच, असं नंतर सगळे म्हणाले.

तिने कापडाखालीच नळीतला एक कण चित्र वाचणाऱ्या यंत्रात ठेवला. पडद्यावर ना वेस उमटली, ना घरं. श्रीरंग उमटला. ओठ फुटलेले, हातात भाजलेली वीट, आणि तो खड्ड्यात वाकून थेट वाळूकडे बघत हसत होता. कापड त्याने मुद्दाम काढलं होतं. ही वाळू कधीतरी कोण वाचणार, हे त्याला ठाऊक होतं.

वायरलेस खरखरला. "बाई, आज खणण्याचा शेवटचा दिवस," तळावरून धामणकर म्हणाले. "शहर सापडलं का?"

"सापडलं. श्रीरंगला."

तिने नळी खिशात ठेवली. मग कापड ओढून बाजूला फेकलं. खड्ड्यात लख्ख ऊन पडलं. ती वाकली, वाळूकडे बघून हसली, आणि ओंजळीने खड्डा बुजवू लागली.