न्हावऱ्याला उतरलेली बाई

"आन् सकाळी सातला आईच्या घरी फोन वाजला," पुढच्या सीटवरची चष्मेवाली बाई म्हणाली आणि पाणी प्यायला थांबली.

शिरूरहून एसटी सुटल्यापासून ती शेजारणीला सांगत होती, पण ऐकत होती निम्मी गाडी. तिच्या आळीतली जेसिका. चर्चमध्ये गोड गाणारी पोर. नवरा हात उचलायचा, ती माहेरी यायची, आणि आई समजूत घालून तिला पुन्हा सासरी सोडून यायची. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा सोडून आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा फोन.

मागच्या सीटवर सिंधूबाई पुढं वाकून ऐकत होती. शेजारी खिडकीशी तिची लेक मोनाली, मांडीवर बॅग घेऊन. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा सिंधूबाई तिला खुटबावला सासरी पोचवायला निघाली होती. चौफुल्याला उतरायचं, तिथनं वडापच्या जीपनं खुटबाव. घरात धाकटीचं जमवायचं होतं. थोरली माघारी आलेली कळली की पाहुणे उंबऱ्यातनंच पाय मागं घेतात. काय करणार मग!

"आईनं फोन उचलला," बाईनं चष्मा काढून डोळे पुसले. "तर पलीकडनं..."

"न्हावरे! न्हावरेवाले चला, उतरून घ्या!" कंडक्टर ओरडला.

"अगं बाई, आलं की!" बाई उठली, पिशव्या गोळा केल्या, लोकांच्या पायांवर पाय देत धडाधड खाली उतरली. रस्त्याकडेला तिचा माणूस मोटारसायकल चालू ठेवून उभाच होता. मागं बसली आणि गेली. संपलं!

गाडी हलली. मग एकदम सगळेच बोलायला लागले.

"तुम्हाला म्हाईत असंल की हो," एकानं त्या बाईच्या शेजारणीला विचारलं.

"मला कुठलं? आताच गाडीत वळख झाली आमची. मलाच चुटपुट लागलीय."

"मेली असंल पोरगी," मागून या गाडीचा रोजचा म्हातारा खंडूआबा टोपीखाली डोकं खाजवत म्हणाला. "सकाळी सातला कोण चांगली बातमी देतंय?"

"कायबी नका बोलू आबा," शाळेवर निघालेल्या एक बाई तडकल्या. "पोरगीच पोलीस चौकीतनं बोलली असंल. आजकालच्या पोरी गप बसत न्हाईत."

"मग ती बाई रडत का व्हती?"

"रडत कुठं? हसून डोळे पुसले तिनं."

"हसून? माझ्या डोळ्यादेखत रडली की!"

दोघांची चांगलीच जुंपली. सिंधूबाईचा मात्र नुसता संताप संताप झाला. तोंड उघडलं होतंस तर पुरं करायचं की गं भवाने! लोकांच्या जिवाला घोर लावायचा आणि स्वतः गाडीवर बसून पसार व्हायचं, ही कुठली रीत?

"जावयाचा फोन असंल," ती एकाएकी मोठ्यानं बोलली. "चुकलो म्हणाला असंल. नांदत असंल पोर आता सुखानं."

सगळ्यांनी वळून तिच्याकडं पाहिलं.

"तुम्हाला काय म्हाईत?" खंडूआबा म्हणाला.

"म्हाईत कशाला पायजे? असंच झालं असंल!"

भीमेचा पूल मागं पडला, दौंड तालुका लागला, तरी तिच्या डोक्यातून तो फोन जाईना. तिनं दोनदा पदर सारखा केला. शेवटी न राहवून लेकीला कोपरानं ढोसलं. "व्हय ना गं? नांदतच असंल की न्हाई ती?"

मोनाली शिरूरपासून एक शब्द बोलली नव्हती. बाहेरच्या उसाकडं बघतच ती म्हणाली, "आई, लेकीच्या घरी तू जेवत न्हाईस, राहत न्हाईस. चहाचा कप खाली ठेवतीस आन् पाचच्या गाडीनं माघारी फिरतीस. त्याच्या पुढचं तुला तरी कवा कळलंय?"

हळू बोलली नव्हती ती. खंडूआबानं ऐकलं, शाळेच्या बाईंनी ऐकलं, तिकिटं मोजणाऱ्या कंडक्टरनंही ऐकलं.

चौफुल्याला मायलेकी उतरल्या. "खुटबाव, खुटबाव! दोनच सीट ऱ्हायल्यात!" वडापवाल्यानं मोनालीच्या हातातली बॅग घेऊन जीपमध्ये टाकलीसुद्धा. मोनालीनं टाकू दिली. मान खाली घालून ती जीपकडं चालायला लागली.

सिंधूबाईचा पाय उचलेना. त्या घटकेला कुणीतरी येऊन एवढंच सांगावं, की फोन कुणाचा होता. पण सांगणार कोण? सांगणारी तिकडं न्हावऱ्यात आपल्या घरी चुलीपुढं बसली असेल, तिला काय त्याचं!

ती तरातरा गेली, जीपमधली बॅग ओढून काढली आणि दुसऱ्या हातानं मोनालीचं मनगट धरलं. "अहो मावशी, गाडी सुटतीय!" वडापवाला ओरडला. तिनं ऐकलं नाही.

वळली, तर एसटी अजून जागेवरच. सगळ्या खिडक्यांतून तोंडं बाहेर. खंडूआबा तर छातीपर्यंत बाहेर आलेला.

"बघताय काय आबा?" सिंधूबाई खेकसली. "घरी नेते तिला. झालं समाधान?"

मग कुठं कंडक्टरनं घंटी मारली.