एस्बेनची टोपी

दोरा पुन्हा तुटला.

मशीन आपोआप थांबलं. टोपीच्या गडद लाल पट्टीवर ‘ई’ आणि ‘एस’ छान उमटले होते, ‘बी’ अर्धाच होता आणि सोनेरी दोऱ्याचं टोक सुईतून लोंबत होतं. बिर्टेने घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

“तिसऱ्यांदा,” कापड कापायच्या टेबलावरून होल्गर म्हणाला. “सकाळपासून चाळीस टोप्या गेल्या या मशीनवरून, एकदाही तुटला नाही. कोणाची आहे ही?”

“आहे एकाची.”

होल्गर उठून आला. म्हातारा या मशीनांवर केस पांढरे करून बसला होता, त्याला काही सांगावं लागायचं नाही. त्याने पट्टीवरची अक्षरं वाचली आणि मग बिर्टेकडे पाहिलं.

“तुझ्या पोराची? त्याने तर नको म्हणून बजावलं होतं ना?”

“जानेवारीतच मागवली. त्याला न सांगता.”

गेल्या जूनमध्ये बिर्टे, तिची आई आणि दोन बहिणी कागदी झेंडे घेऊन परीक्षेच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. शेवटची तोंडी परीक्षा पास होऊन पोर बाहेर आलं की तिथेच त्याच्या डोक्यावर ही पांढरी टोपी ठेवायची असते. एस्बेन नापास होऊन बाहेर आला आणि कोणाकडेही न बघता जिना उतरून गेला. टोपी त्याने दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकली. म्हणून या वर्षी कोणी यायचं नव्हतं, झेंडे नव्हते आणि टोपी तर अजिबात नव्हती. आज साडेअकराला तो गणिताच्या तोंडी परीक्षेला आत गेला होता, अर्ध्या तासात निकालही लागणार होता.

निकालाआधी टोपी डोक्यावर चढली की पोर नापास होतं, हे हेर्निंग गावातलं शेंबडं पोरही सांगेल. निकालाआधी टोपीवर नाव भरण्याबद्दल कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पण तिसऱ्यांदा दोरा तुटल्यावर बिर्टेला वाटायला लागलं की तेही तसंच असणार, आणि आपण आपल्या हाताने पोराचं वाटोळं करतोय.

होल्गरने सुई बदलली. सोनेरी दोरा रिळावरून सुटताना पीळ खातो, म्हणून रीळ उचलून लांब जमिनीवर ठेवलं. मग खालच्या दोऱ्याची, बॉबिनची डबी काढून तिच्याच दोऱ्यावर टांगली आणि मनगटाला एक झटका दिला. डबी बोटभर खाली आली आणि थांबली.

“खालचा ताण बरोबर आहे,” तो म्हणाला. वरचा ताण त्याने स्वतः लावला, एका चिंधीवर चार टाके घालून चिंधी उलटी केली. सोनेरी कडांच्या मधोमध बॉबिनच्या दोऱ्याची पांढरी रेघ सरळ होती. “मशीनला काहीएक झालेलं नाही. लाव टोपी.”

बिर्टेने टोपीची चौकट पुन्हा चढवली. आणखी दोनदा दोरा तुटला असता, तर सुईच्या भोकांनी पट्टीची चाळण झाली असती, आणि त्याच्या मापाची दुसरी टोपी नव्हती. मशीन सुरू झालं. होल्गर या वेळी सुईकडे बघतच नव्हता, तो तिच्याकडे बघत होता.

“हात!” तो एकदम ओरडला.

“काय झालं?”

“दर दहा टाक्यांनी तू ताणाचं बटण आवळतेस. कळतंय का तुला?”

बिर्टेने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणावरच होता.

“सैल राहिला तर दोऱ्याचे फास येतील ना वर,” ती म्हणाली.

“एखादा फास आला तर कापून टाकू. अगं, दोरा आहे तो, बैलाचा कासरा नाही.” त्याने बटण दोन आटे सैल केलं. “हो बाजूला. खुर्ची धर त्या हातांनी.”

बिर्टेने खुर्चीची पाठ धरली. मशीन संथ चालत राहिलं. ‘बी’ भरला. ‘ई’ भरला. तेवढ्यात दार उघडलं आणि बिर्टेने चटकन मशीन बंद केलं.

एस्बेन दारात उभा होता. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची एक बाही वर केलेली, एक खाली. बिर्टे टोपी झाकायला मशीनसमोर येऊन उभी राहिली, पण त्याने आईच्या खांद्यावरून टोपी पाहिली होती. नावही वाचलं होतं.

“रागावू नकोस,” बिर्टे म्हणाली.

तो जवळ आला आणि सहा फुटांचं ते पोरगं तिच्यासमोर पार छातीपर्यंत वाकलं. संपलं सगळं, बिर्टेला वाटलं. त्याच्या घामेजल्या केसांवर तिने हात ठेवला.

“होऊ दे रे,” ती म्हणाली. “काही आभाळ कोसळत नाही. पुन्हा बस. पुढच्या वर्षी…”

“दोन मिळाले, आई,” तो खालूनच म्हणाला.

“दोन?”

“अगं, दोन म्हणजे पास!” होल्गर ओरडला. “काठावर, पण पास! पैकीच्या पैकी बारा मिळालेल्यालाही हीच टोपी मिळते!”

“मग घाल ना,” एस्बेन म्हणाला. “मान अवघडली माझी.”

बिर्टे नुसती चौकटीकडे बोट दाखवत राहिली.

“एक अक्षर राहिलंय, पोरा,” होल्गर म्हणाला.

“राहू दे. थांबतो मी.”

होल्गरनेच मशीन सुरू केलं. शेवटच्या ‘एन’ला दोनशे टाके लागतात. ते पडेपर्यंत एस्बेनने मान वर केली नाही.