उजवीकडच्या नळ्या

सकाळी सात वाजता प्रयोगशाळेतल्या डावीकडच्या नळ्यांमध्ये फळमाश्या कोषांतून बाहेर पडल्या. उजवीकडचे कोष मात्र मिटलेलेच होते. खाद्य तेच, उजेडही तोच. फक्त वाण वेगळा. गेल्या पिढीतही उजवीकडच्या माश्या दुपारीच बाहेर आल्या होत्या.

“या अगदीच आळशी निघाल्या, सर,” विद्यार्थिनी हसत म्हणाली.

“आळशी कशाला म्हणतेस गं? त्यांचं घड्याळच तसं आहे, आईबापांकडून आलेलं,” रेगेसर म्हणाले. “नळ्या हलवू नकोस. दुपारी येतील आपल्या आपण.”

बोलता बोलता ते थबकले. त्यांच्या लेकीलाही सकाळी कधी जाग येत नसे. “ऊठ, सूर्यवंशी!” म्हणत ते रोज पहाटे तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतायचे. शेवटी ती घर सोडून नागपूरला गेली, रात्रपाळीची नोकरी धरली आणि वडिलांशी बोलणंच टाकलं.

सर तडक व्हरांड्यात गेले. कधी एकदा तिला सांगतो, असं त्यांना झालं होतं. बऱ्याच वेळाने तिने फोन उचलला.

“बाळा, चूक माझीच होती. तू आळशी नव्हतीस कधी...”

“बाबा,” तिचा आवाज झोपेने जड झाला होता, “किती वाजलेत?”

सरांनी मनगटावर पाहिलं. सव्वासात. काही बोलायच्या आत तिने फोन ठेवून दिला होता.

दुपारी उजवीकडची पहिली माशी बाहेर आली. तेव्हा त्यांनी पुन्हा फोन लावला. तो बंद होता.