पहिले बोल

स्वमग्न लेक सहाव्या वर्षी पहिल्यांदा बोलली. "हात खाली," म्हणत तिनं बाहुलीच्या मुस्काटात एक ठेवून दिली. मग स्वतःच्या. सूर हुबेहूब थेरपीच्या ताईंचा होता.

कणीक मळणारे आईचे हात थिजले. याच बोलांसाठी ती नवस बोलली होती. "हिचं सारखं हात फडफडवणं बंद झालं बघा," ताईंनी सांगितलं, तेव्हा ती त्यांच्या पाया पडली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सेंटरचं दार लाथ मारून उघडलं. आत लेकीचे हात फडफडत होते आणि ताईंचा हात उगारलेला होता.

"पालकांनी बाहेर थांबायचं," ताई म्हणाल्या.

आईनं ते मनगट धरून पिरगळलं. ताई कळवळून गुडघ्यांवर आल्या.

"हात खाली," आई गरजली.

लेकीनं झटकन हात मांडीवर ठेवले आणि गाल पुढे केला.