पिळून पुसलेली फरशी

"मावशी, उद्यापासून तुम्ही येऊ नका," मुलगा म्हणाला.

कामाची बाई दारातच थांबली. एक चप्पल काढली होती, दुसरी काढायची की नाही हे तिला कळेना. सात वर्षं ती या घरात केर-फरशी करत होती. तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या त्याच्या वडलांकडे.

वडील खिडकीबाहेर बघत होते. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, भुवईवर चार टाके होते. शनिवारी दुपारी ते पलंगावरून उठले आणि दोन पावलांत कोसळले. पस्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. वादळात चढला, मध्यरात्री चढला, कधी पडला नाही. आणि पडला तो घरातल्या घरात, सपाट जमिनीवर.

"फरशी ओली असणार," दवाखान्यात बायको म्हणाली होती. "ती नुकतीच पुसून गेली होती."

"हो," ते म्हणाले होते. बस, एवढंच. डॉक्टरांनी औषधं कोणती चालू आहेत विचारलं, तेव्हा सांगितलं, "बीपीची एक." त्या एका 'हो'ला आज चार दिवस झाले होते. चार दिवस घास घशाखाली उतरत नव्हता आणि बायकोला वाटत होतं, हात दुखतोय.

"दादा, मी पिळून पुसते," बाई म्हणाली. "नेहमी पिळूनच पुसते."

"मग बाबा काय हवेवरून घसरले?"

"हळू बोल रे," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली.

"डोकं फुटलं असतं म्हणजे, आई?"

बाई दुसरी चप्पलही काढून आत आली आणि खुर्चीसमोर उभी राहिली. "झाली असेल माझी चूक. काका, माफ करा मला."

वडील ताडकन उठायला गेले. खोली एका बाजूला कलली, डोळ्यांपुढे काळं आलं, आणि ते धपकन परत खुर्चीत बसले. मुलगा धावला.

"बघितलंत?" तो बाईवर ओरडला. "अजून पाय ठरत नाही त्यांचा!"

"पाय ठरतो," वडील म्हणाले. "डोकं ठरत नाही. फरशी कोरडी होती."

ते मुलाकडे वळले.

"माझी हत्यारांची पिशवी आण. पकडीच्या खाली, चिकटपट्टीच्या डब्यात बघ."

मुलाने पिशवी आणली. डब्यातून गोळ्यांची पाकिटं निघाली. त्याने नाव वाचलं, मोबाइलमध्ये शोधलं आणि तो हळूच पलंगाच्या कडेला टेकला.

"बाबा, ही तर…"

"हो. मनाची."

"कुणी दिली?"

"डॉक्टरांनी. मी काय बाजारातून फुटाणे आणल्यासारख्या आणीन?" ते हसायला गेले, जमलं नाही. "गुण आला मला. मधे सकाळ झाली की नको वाटायचं. ते गेलं. मागच्या महिन्यात गोळी वाढवली. म्हणाले, या वयात तोल जाऊ शकतो. एकदम उठू नका. आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. आणि घरात सांगून ठेवा, लक्ष राहील त्यांचं. शनिवारी फोन वाजला आणि मी उठलो तसाच."

"आणि दवाखान्यात मूग गिळून बसलात?" मुलगा म्हणाला. "आजच त्या डॉक्टरांना फोन लावतो. आणि तोवर मला हाक मारल्याशिवाय उठायचं नाही."

"किती दिवस घेताय?" बायकोने विचारलं.

"आठ महिने."

"आठ महिने मी शेजारी झोपतेय." ती दाराला धरून उभी होती. "तुम्हाला झोप लागायला लागली, जेवायला लागलात. मला वाटलं, मी सारखी बोलत बसते तुमच्याशी, त्यानेच. मनातल्या मनात खूश होते मी."

"लोक म्हणतील, याच्या डोक्यावर परिणाम झाला."

"लोक," ती म्हणाली. "मी लोकांत येते होय?"

मुलगा हातातलं पाकीट उलटसुलट करत होता. मग बाईकडे न बघताच म्हणाला, "मावशी, ते… उद्या या तुम्ही. नेहमीसारख्या."

बाई हलली नाही. रागावलेलीही दिसत नव्हती.

"काका," ती म्हणाली, "शनिवारी का नाही बोललात?"

"चुकलो," ते म्हणाले. "तुझ्यावर खापर फुटत होतं, मी फुटू दिलं."

तिने मान हलवली, पण तिला तेच ऐकायचं होतं असं वाटलं नाही.

"काकूंनी फोनवर विचारलं, फरशी ओली ठेवलीस का, तेव्हापासून चार दिवस डोळे मिटले की मी तुमचीच फरशी पुसते," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मला पक्कं माहीत होतं, पिळून पुसली होती. दुसऱ्या दिवशी वाटलं, राहिली असेल थोडी ओल. आणि आज सकाळी डोळे मिटले, तर काका, मला पलंगापाशी साचलेलं पाणी दिसलं. चांगलं दिसलं."