वैशाखातली तारीख

"पोरीचं लग्न ऑफ सीझनला धरू या की," क्लॅरिनेट पुसत मी फोनवर तिसऱ्यांदा म्हणालो. वैशाखात आमच्या बँडला रोज लग्नाची सुपारी असते, मालक एक दिवस सोडत नाही.

व्याही वैतागले. "अहो, त्या दिवसांत मुहूर्तच नसतात. म्हणून तर तुमचा ऑफ सीझन."

बरोबरच होतं त्यांचं. चार महिने मी घरी माश्या मारत बसतो, पण तेव्हा पोर काही बोहल्यावर चढणार नाही. शेवटी वैशाखातलीच तारीख धरली आणि चरफडत मालकाकडे सुट्टी मागायला गेलो.

त्याने वही उघडून तारखेवर बोट ठेवलं. "सुट्टी कशाला? मुलाकडच्यांनी आपलाच बँड सांगितलाय."

मग खुंटीवरचा लाल कोट माझ्या हातात दिला. "मुलीचा बाप आहेस. या वेळी इस्त्री करून घाल."